लखू आणि खाडीचं पाणी

११ नोव्हेंबर, सोमवार. नंदिगड्डे
लखू हरवला! कारवारहून मारुती भावोजींचा फोन. पर्यटकांना खाडीत कयाकची होडी वल्हवायला शिकवायचं महिन्याभराचं काम घेतलं हुतं माझ्या नवऱ्यानं. दुपारी कांदळवनातल्या अरुंद फाट्यात एकटाच वल्हवत गेला—माघारी आला न्हाई. रिकामी कयाक संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी, समुद्राजवळ मिळाली.

सासूबाई चुलीपुढं बसल्यात. त्यांच्याशी काय बोलू मी?

१२ नोव्हेंबर. कारवार
जीपनं आले. आपल्याकडचे, धरणाखालच्या नदीवर राफ्ट चालवणारे सगळे हायत, समुद्रापर्यंत धुंडाळतायत. आपल्याकडं कुणी वाहून गेला की खालच्या वळणावर जाऊन उभं राहायचं, नदी आणून देते. धरणाचं पाणी सुटलं की खालीच जातं.

हितं वळण कुठलं? नुसता समुद्र. कुठं उभी राहू?

तरंगायचं जाकीट तरी घातलं हुतंस का रे, मेल्या!

१३ नोव्हेंबर
न्हाई घातलं जाकीट.

रात्री अवकाळी पाऊस पडला. भावोजी माझ्याकडं बघायचं टाळतात. मागं कुणीतरी हळूच म्हणालं, "आता मढं तरी मिळू दे." त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मग दुपारी मीच देवाकडं तेच मागत हुते. लाज वाटली माझी मला.

१४ नोव्हेंबर, सकाळ
सासूबाई फोनवर रडत म्हणाल्या, "नदीला नारळ दे ग, माझं लेकरू मागून घे." फाट्याच्या तोंडाशी जाऊन सोडला. तर तो समुद्राकडं गेलाच न्हाई! डोंगराकडं निघाला—आपल्या जोयड्याच्या अंगाला. आन् काय जोरात!

"अपशकून," भावोजी म्हणाले. "नदीनं घेतला न्हाई."

चिखलात एक बाई तिसऱ्या शिंपल्या काढत हुती. तिला विचारलं. "भरती हाय नव्हं! वाट अरुंद, समदं पाणी हितनंच आत शिरतं, म्हणून पळतंय. मग जरा थांबतं, मग ओहोटीला माघारी."

"आन् सोमवारी दुपारी?"

"चढतच हुतं की."

म्हंजे पाण्यानं लखू आन् कयाक दोघांनाही आधी वर नेलं! माणूस झाडाला धरून राहील. कयाक कशाला राहतीय? रिकामी ती ओहोटीबरोबर खाली आली. आन् आमी धरणाखालची शहाणी माणसं खालीच बघत बसलो!

"होडी वर घ्या, वर!" मी वरडले. भावोजी म्हणाले, "वैनी, डोसकं फिरलंय तुमचं." फिरू दे! पण गेले ते सगळे.

मला होडीत घेतलं न्हाई. काठावर बसून लिहितेय. इतक्या दिवसांनी काय मिळणार? आधी का न्हाई सुचलं मला? का न्हाई?

१४ नोव्हेंबर, दुपार
जिता हाय!! वर फाट्याच्या टोकाला कांदळाच्या मुळांत पाय अडकून मोडलाय, त्या रातीच्या पावसाच्या पाण्यावर तगला, ओठ फुटलेत. भावोजी चिखलातच बसून रडले म्हणे. लखूनं डोळे उघडले आन् म्हणाला, "इतके दिवस कुठं मेला हुता रं तुमी?"