कानाच्या मशीनचा सेल

॥ श्री ॥
लालबाग,
५ फेब्रुवारी २०२५

चि. कमल हिला दगडूदादाचे अ. उ. आ.

पत्रास कारण तुझी वहिनी. दोन आठवडे होत आले तिला तुझ्याकडे येऊन. त्या गुरुवारी सकाळी घरातून बाहेर पडली आणि संध्याकाळी खालच्या पुष्करच्या फोनवर तुझा निरोप आला, वहिनी माझ्याकडे आहे, काळजी करू नकोस म्हणून. मी केलीच नव्हती. नणंदेकडे राहायला जायचं तर खुशाल जा, मी कधी अडवलंय? पण परत यायची तारीख नको सांगायला? मी दळण किती टाकायचं ते कशावर ठरवायचं?

फोन का केला नाही म्हणशील. काय गो, फोन करायचा म्हणजे कानात मशीन घाला, मशीन घातलं की सेल जळतो, आणि तुझं बोलणं सुरू झालं की अर्धा तास कुठे गेला नाही. आंतरदेशीय अडीच रुपयांत येतं आणि कडेपर्यंत भरून लिहिता येतं. दोन वर्षांपूर्वी सुशांतने हे मशीन घेऊन दिलं तेव्हापासून सहा सेलांची पट्टी मी सहा महिने पुरवतो. बाकीच्यांना ती दीड महिना पुरत नाही म्हणे. मूर्ख आहेत. ऐकण्यासारखं काही असेल तेव्हा कानात घालावं, एरवी डबीत ठेवावं. दिवसभरात ऐकण्यासारखं असतं तरी काय?

वहिनीवाचून माझं अडलंय असं समजू नकोस. डाळीला एक उकळी आली की गॅस बंद करतो आणि पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवतो, तासाभरात शिजते. फ्रिज थंडीचा बंदच आहे. दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहाला, टूथपेस्टची नळी कात्रीने उभी कापली तर अजून आठ दिवस निघते. रात्री आपला दिवा कशाला जाळायचा, गॅलरीतल्या दिव्याखाली बसून वाचतो. सूनबाईने, प्राचीने, मला परवा मोबाइलवर एक यादी दाखवली, घरात पैसे कसे वाचवावेत याची. पहिलंच कलम, बाहेर कॉफी पिऊ नका! अरे, पितो कोण? तिकडे माटुंग्याला दोघं नवराबायको रोज खोक्यातून जेवण मागवतात आणि सासऱ्याला काटकसर शिकवतात.

तुझ्या घरी एकट्या माणसाला दोन पंखे चालू असतात, तेही थंडीत, हे मी मागच्या खेपेला बघून गेलोय. वहिनीला तसल्या सवयी लावू नकोस. तिला रविवारपर्यंत पाठवून दे, बसने.

माया आहे ती आहेच, पत्रात वेगळी काय लिहायची.

तुझा,
दगडूदादा


गिरगाव,
८ फेब्रुवारी २०२५

ती. दादाला कमलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. जिथे चिकटवायचं असतं तिथेही तू लिहिलंस, त्यामुळे फोडताना तीन ओळी फाटल्या. माझ्या पंख्यांबद्दलच असणार, म्हणून जोडून बघितल्या नाहीत.

हो, चालतात दोन पंखे. पस्तीस वर्षं शाळेत पोरांना शिकवून मिळवलेल्या पेन्शनवर चालतात. आणि एक तुझ्या बायकोसाठी चालतो, कारण तिला गरम होतं. तिला गरम होतं हे तुला माहीत होतं का रे? मला म्हणाली, आमच्याकडे पंखा एकवर असतो, त्याच्यापुढे फिरवायचा नाही असा नियम आहे. मी हसले, ती नाही हसली.

वहिनी इथे काय करते म्हणशील तर बोलते. पहिले दोन दिवस गप्प होती, मग जी सुरू झाली! मासळीवालीने कसं फसवलं, तिच्या आईने मरताना काय सांगितलं, सुशांत लहान असताना हिंदमाताच्या गर्दीत कसा हरवला होता आणि सापडला तेव्हा साड्यांच्या गठ्ठ्यावर कसा झोपला होता. तुम्ही दोघं पंचेचाळीस वर्षं एका खोलीत राहिलात. हे सगळं तिने साठवून कुठे ठेवलं होतं देव जाणे. तुझ्या त्या कापलेल्या नळ्यांशेजारी तर नव्हे?

रविवारी ती येणार नाही. तुझं पत्र तिने वाचलं, घडी घालून परत दिलं आणि डाळीची गोधडी धुवायला टाका म्हणून कळवा, एवढंच म्हणाली. ती परत येणार की नाही हे मला खरंच माहीत नाही दादा. मस्करी करत नाही.

तुला एकच विचारते. ती इकडे आली त्याच्या आधीचा रविवार, १९ जानेवारी. संध्याकाळी डाळिंब्या सोलता सोलता ती तुला काहीतरी म्हणाली, आणि तू मान डोलावलीस. काय म्हणाली ते आठवून लिही. अंदाजपंचे नको.

आशीर्वाद द्यायला तरी काही खर्च येत नाही, तेवढे दे.

तुझी,
कमल


लालबाग,
११ फेब्रुवारी २०२५

चि. कमल हिला अ. उ. आ.

परत येणार की नाही म्हणजे काय? हे काय बोलणं झालं? तू धाकटी आहेस हे विसरू नकोस. सत्तरीच्या घरात आलेली बाई घर सोडून नणंदेकडे बसते आणि तू तिला पंख्याचा वारा घालतेस! चाळीत लोक विचारायला लागलेत. चंपाने काल जिन्यात गाठून काहीतरी विचारलं, मी मान डोलावली आणि पुढे गेलो.

आता तुझा तो १९ जानेवारी. मला मास्तरीणबाईंसारखे प्रश्न घालतेस? काय म्हणाली असणार! रोज संध्याकाळी जे म्हणते तेच. कोथिंबीर महागली, पाणी लवकर गेलं, वरच्यांनी पुन्हा बादली आपटली. खरं सांगतो, मशीन डबीत होतं. संध्याकाळी ते डबीतच असतं. बायकोच्या बोलण्याला मान डोलवायला सेल लागत नाही. तोंड हललं की डोलवायची, थांबलं की बरं म्हणायचं. दोन वर्षं असंच चाललंय, कधी काही बिघडलं नाही. रे रोडच्या वखारीत बत्तीस वर्षं करवतीशेजारी बसून हिशेब लिहिले, तिथेही सगळे असेच बोलायचे. त्या करवतीनेच कान नेले. उरलेलं ऐकणं कशावर खर्च करायचं ते मी ठरवणार, की तुम्ही बायका?

आणि त्या गुरुवारी माझ्याकडून काही झालेलं नाही, हे लिहून ठेव. सकाळी ती ठेवणीतली साडी नेसून, पर्स घेऊन दारात उभी होती. बराच वेळ उभी होती, माझ्याकडे बघत. चपला घातलेल्या. मी म्हटलं, बाजारात चालली असशील तर कोथिंबीर संध्याकाळी घे, निम्म्या भावात मिळते. ती गेली. ना भांडण, ना आवाज. यात माझं चुकलं काय?

तुला ठाऊक असेल तर सरळ लिही. कोडी घालू नकोस. इथे डाळ शिजते, पण जेवण जात नाही.

तुझा,
दगडूदादा


गिरगाव,
१४ फेब्रुवारी २०२५

ती. दादाला सा. न.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कोथिंबिरीपाशी आले आणि दोन्ही वेळेला बाजूला ठेवावं लागलं. मला वाटत होतं वहिनी थोडं वाढवून सांगते. तिने तर कमीच सांगितलं होतं.

सरळ लिही म्हणतोस, तर वाच. जानेवारीत आंघोळ करताना वहिनीच्या छातीला गाठ लागली. ती एकटी डॉक्टरकडे गेली. त्यांनी परळच्या मोठ्या इस्पितळात गुरुवारची वेळ दिली, सुई घालून तपासायचं होतं. सुशांतला तिने सांगितलं नाही, पोर घाबरेल म्हणून. मला सांगितलं नाही, कारण तिने तुला सांगितलं होतं. त्या रविवारी, डाळिंब्या सोलताना. बरोबर याल का म्हणून विचारलं. तू मान डोलावलीस.

गुरुवारी ती दारात उभी होती ती तुझी वाट बघत. तू चपला घालशील म्हणून. आणि तू तिला कोथिंबिरीचा भाव सांगितलास!

ती एकटी गेली. तिथे नवऱ्याचं नाव लिहून घेतलं आणि नातेवाईक कुठे आहेत विचारलं, तर ही म्हणाली खाली औषधं आणायला गेलेत. तिथेही तुझी लाज राखली बाईने. मग सुई घालून घेतली, छातीवर पट्टी, पर्स घट्ट धरून बसमध्ये बसली, आणि घरी न जाता माझ्याकडे उतरली. दारात मला म्हणाली, वन्सं, पाणी द्या. बाकी दोन दिवस काही नाही.

आठवड्याने रिपोर्ट आला. गाठ साधी आहे. मी तिच्याबरोबर गेले होते. साधी नसती तरीही तुला माझ्याच पत्रातून कळलं असतं, अडीच रुपयांत.

दोन वर्षं काही बिघडलं नाही म्हणतोस. तुला कसं कळणार होतं बिघडलेलं, ऐकायला तू होतास कुठे? सगळी चाळ तुला काटकसरी म्हणते आणि तू छाती फुगवून फिरतोस. माझ्या तोंडात दुसरा शब्द येतोय. तू थोरला आहेस म्हणून लिहीत नाही.

आज लोभबिभ काही मागत नाही.

कमल


लालबाग,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. कमल हिला अ. उ. आ.

तो शब्द लिहिला असतास तरी चाललं असतं.

पत्र वाचलं आणि तसाच दादरला गेलो, मशीनच्या दुकानात. म्हटलं नवी पट्टी घ्यावी, आता रोज घालायचं. तिथे राजरत्न म्हणून एक जण आहे, चांगला माणूस आहे. त्याला मोठ्या ऐटीत सांगितलं की मी एक सेल महिना पुरवतो, मशीन बंद ठेवून. तो हसला नाही, ते बरं केलं. म्हणाला, काका, सेलावरचा स्टिकर काढला की आत हवा जाते आणि तो चालू होतो. मग तुम्ही ऐका नाहीतर डबीत ठेवा, तीनचार आठवड्यांत तो आपला आपण संपतोच. बंद ठेवून तुमचे महिन्याला फार तर शंभर रुपये वाचले असतील.

शंभर रुपये, कमल. मी तिथे बाकावर बसून राहिलो. त्याने पाणी दिलं. बत्तीस वर्षं वखारीत फळीन् फळी मोजली आणि घरात काय मोजत बसलो होतो? गाढव आहे मी.

घरी येऊन मशीन घातलं. खोलीत घड्याळाचा आवाज आहे हे मला माहीतच नव्हतं. बाकी काही नाही. ऐकायला कोणी नाही.

रविवारी येतो. टॅक्सीने येतो. तिला सांग, मी मशीन घालून येतोय, तिला जे म्हणायचं असेल ते म्हणू दे, शिव्या दे म्हणावं. नुसतं बसून ऐकेन. तिला सांगशील ना?

तुझा,
दगडू


गिरगाव,
२५ फेब्रुवारी २०२५

सुशांतच्या बाबांना कौसल्येचा सा. न. वि. वि.

रविवारी तुम्ही आलात, जेवलात, गेलात. कमलवन्सं तेव्हापासून माझ्यावर रागावल्यात. म्हणतात, तो माणूस कानात मशीन घालून दोन तास समोर बसला आणि तू त्याला भात वाढू का एवढंच विचारलंस. खरं आहे. तुम्ही तीनदा म्हणालात, बोल ना. मला हसू आलं आणि संतापही आला. मी काय रेडिओ आहे, तुम्ही बसलात की लागायला? मला जे बोलायचं होतं ते १९ तारखेच्या रविवारी बोलायचं होतं. तुम्ही पाच रविवार उशिरा आलात.

ती सहा सेलांची पट्टी तुम्ही माझ्यापुढे ठेवलीत, देवापुढे नारळ ठेवतात तशी. वन्संना वाईट वाटलं तुमचं. मला नाही वाटलं. शंभर रुपयेच वाचले म्हणून तुम्ही हळहळत होतात. हजार वाचले असते तर बरं झालं असतं का?

घरची व्यवस्था लिहिते. फ्रिज चालू करा, उन्हाळा आला. गोधडी धुवा. डाळ गॅसवर शिजवा, मेली कच्ची राहते तशी, तुम्हाला पचत नाही आणि ते तुम्ही कबूल करत नाही. सुशांतला मी कालच सगळं सांगितलं आहे. तो रडला. तुमच्यावर चिडलाय, त्याचं ऐकून घ्या.

मी घरी कधी येणार ते पत्रातून विचारू नका. दर रविवारी इथे येऊन विचारा. यावंसं वाटलं की त्या दिवशी सांगेन, आणि एकदाच सांगेन.

आणि एक. वन्सं म्हणतात, तुम्ही खोटी मान डोलावून मला फसवलंत. पण मला लागलं ते हे नाही. त्या संध्याकाळी मी तुम्हाला म्हटलं होतं की मला फार भीती वाटते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मान डोलावलीत, आणि जरासे हसलात. त्या एका मान डोलावण्यावर मी चार रात्री अगदी निर्धास्त झोपले होते हो.

लोभाचं काय ते रविवारी बघू.

कौसल्या