कोच आणि वडे

रविवार, मिल्टन कीन्स, २००६

आमचा नितीन कोच असलेली अमेरिकन फुटबॉल टीम आजही जिंकली. तरी मागे क्लबच्या कमिटीतले दोघं कुजबुजत होते, "आघाडी मिळाली की हा कोच लांब पास बंदच करतो. बॉल पोटाशी धरून इंच इंच पुढे! बोअर होतं. दुसरा बघू या." माझे कान तिखट, तोच ताप. खरं म्हणजे बोअर मीही झालो होतो. पण म्हणून पोराचं कोचपद घालवायचं?

डबा पुढे केला. माझ्या दुकानातले वडे, पहिल्या दिवसापासून तीच चव. एकजण बोटं चाटत म्हणाला, "रेसिपी कधी बदलू नका हं!"

"नाही बदलत. तुम्हीही कोच बदलू नका. मुलगा आहे माझा."

दोघांनी विषय बदलला. वडे मात्र संपवले.

घरी नितीन म्हणतो, "बाबा, कायम तेच वडे! जरा रिस्क घ्या ना."