गांडुळांच्या पुनर्वसनाबद्दल विहीणबाईंस

आदरणीय विहीणबाईंना, तुमच्या (आणि योगायोगानं माझ्याही) एकुलत्या एका नातीच्या खोलीतल्या डगमगत्या टेबलावरून सादर नमस्कार.

तुमचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो म्हणाला होतात, तो अजून कुरकुरतोय की वयानुसार समजूतदार झाला? व्याहीबुवांच्या शिंका थांबल्या असतील अशी आशा करतो. थांबल्या नसतील तर निदान लांबल्या तरी असाव्यात. माझी तब्येत झकास आहे. भूक लागते, झोप लागते, शाळेतल्या सगळ्या कविता चालीसकट आठवतात, फक्त चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. (हे पत्र चिंगीच्या चष्म्यातून लिहितोय. ओळी उतरत गेल्या असतील तर दोष तिच्या नंबरचा आहे.)

तुम्ही मला इथे ज्या कामगिरीवर धाडलंत तिचा वृत्तान्त देणं आता भाग आहे. त्या विषारी भुकटीचा नाद सोड, घरी परत ये आणि बँकेतली जागा धर, असं मी चिंगीला माझ्या गोड भाषेत पटवून द्यायचं होतं. बसमध्ये मी या भाषणाची तीन कडवी तयार केली होती. पण ती स्टँडवर उभी होती, तेच ते लहानपणचं मान तिरकी करून बघणं, आणि मी पहिलं कडवंच विसरलो. म्हटलं, आधी हिचं काम डोळ्यांनी बघू, मग नावं ठेवू. नावं ठेवायची तर माहिती पक्की हवी.

तिची प्रयोगशाळा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबोडकी खोली. एका भिंतीला फ्रिज घुरघुरत असतो, दुसऱ्या भिंतीशी दिव्यांच्या उजेडात रोपं रांगेनं उभी, आणि बसायला पाठ नसलेली उंच स्टुलं (विज्ञानाला पाठीचं वावडं का आहे हे मला कुणी सांगितलं नाही). मी घड्याळं दुरुस्त करण्यात हयात घालवलेला माणूस. बारीक कामाचा तोरा मी उभ्या गावात मिरवलाय. खिशातून माझं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि म्हटलं, दाखव बघू तुझे कण. तिनं एक बाटली समोर धरली. आत दुधाळ पाणी. मी पुष्कळ वेळ पाहिलं आणि शेवटी मला माझीच पापणी दिसली. तेव्हा ती म्हणाली की हे जस्ताचे कण आहेत, आणि डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे हजारो शेजारी-शेजारी मावतात. (माझ्या डोक्यावर उरलेल्या केसांचा हिशेब केला तरी लोकसंख्या अफाट होते.)

विहीणबाई, तुमच्याशी खोटं बोलणार नाही, मी खुळावलो. पिकाला जस्त थोडंसंच लागतं म्हणे, पण आपण भुकटी ओततो आणि त्यातली बरीचशी पावसाबरोबर ओढ्याला जाऊन मिळते. हे बारीक कण पानावर बसतात, आत शिरतात आणि चिमूटभरात काम भागतं. तिची रोपं मी पाहिली. असा हिरवा रंग मी चौथीच्या पुस्तकातल्या चित्रानंतर पाहिला नव्हता. समोरच्या टेबलावर एक दाढीवाला संशोधक बसतो, त्याला सगळे पुडीवाला म्हणतात. तो औषधाच्या पुड्या बांधतो, पण पुडी चरबीची आणि इतकी सूक्ष्म की रक्तातून वाहत जाऊन बहुतेक दुखऱ्या जागीच फुटावी, बाकीच्या शरीराला औषधाचा त्रास कमी व्हावा. मी त्याला म्हटलं, म्हणजे तुम्ही पोस्टमन. तो म्हणाला, "पोस्टमन परत जातो हो आजोबा. आमचे कण पत्र टाकल्यावर यकृतात मुक्काम ठोकतात का, हीच तर काळजी आहे." मला तो तिथेच आवडला. स्वतःच्या मालाबद्दल असं बोलणारा दुकानदार मी आजवर पाहिला नाही.

आता विषाकडे येतो, कारण तुमचा सगळा राग त्याच्यावर आहे. तर ऐका: तुमच्याइतकाच राग चिंगीचा आहे. इतक्या बारीक वस्तूला कुठेच दार बंद नसतं, म्हणून उरलेले कण मातीत जाऊन कुणाला छळतात हे ती शोधत असते. त्यासाठी तिनं मातीचे चार डबे मांडले होते. एकात नुसती माती, मग थोडे कण, मग बऱ्यापैकी, आणि शेवटच्यात भरपूर. प्रत्येकात गांडुळं. तिच्या प्रमुख बाई आणि हे कण फवारणीचं औषध म्हणून विकायला निघालेले लोक म्हणतात की रोपं छान आलीत, अहवाल लिहून टाक. ही म्हणते, गांडुळांना किती सोसतं ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही. बाईंनी तिला महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. तोवर गांडुळांचा निकाल हाती आला नाही तर अहवाल त्या भागाशिवायच जाणार, मग फवारा किती मारायचा हे विकणारे ठरवणार. हे मला आधी ठाऊक असतं तर पुढचं घडलं नसतं. (घडलं असतं. स्वतःला मी ओळखतो.)

चिंगी बाईंकडे गेली आणि मला म्हणाली, आजोबा, इथेच बसा, कशाला हात लावू नका. मी बसलो. पण शेवटच्या डब्याचं झाकण पारदर्शक होतं हो. आतली गांडुळं मातीत राहायलाच तयार नव्हती. भिंतीवर चढून, झाकणाला चिकटून, एकमेकांत गुंतून बसली होती. आणि पहिल्या डब्यातली त्यांची भावंडं मऊ मातीत निवांत. मला शाळेतली ती पिंजऱ्यातल्या पाखराची कविता आठवली, जी म्हणताना आमच्या गुरुजींचा आवाज फाटायचा. हात आपोआप पुढे झाला. तिथला लांब दांड्याचा चमचा घेऊन मी त्या सगळ्या विस्थापितांना, अंगाला लागलेल्या मातीसकट, पहिल्या डब्यात नीट वसवलं आणि वर चार ओळी म्हटल्या. गांडुळं लगेच मातीत खाली गेली. मला फार बरं वाटलं.

चिंगी आली, शेवटच्या डब्यात डोकावली आणि म्हणाली, "आजोबा, गांडुळं कुठायत?"

मी अभिमानानं पहिला डबा दाखवला. "आपल्या माणसांत गेली."

ती स्टुलावर बसली. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं. एवढंच म्हणाली, "तोच एक डबा कोरा राहायला हवा होता, बाकीचे त्याच्याशीच ताडायचे होते." मी सुचवलं की मी एकेकाला चेहऱ्यावरून ओळखून परत काढतो. पुडीवाला खोकत बाहेर गेला. मग तिनं चारही डबे बाजूला ठेवले आणि बाईंकडे जाऊन प्रयोग नव्यानं मांडते म्हणून सांगून आली. माझं नाव घेतलं नाही. हलगर्जी स्वतःचीच झाली म्हणाली. जिन्यात मी तिला म्हटलं, अगं, झाडं हिरवीगार आहेत, देऊन टाक अहवाल. ती म्हणाली, "झाड हिरवं झालं की सगळे टाळ्या वाजवतात, आजोबा. मातीत खाली काय झालं ते कुणी विचारतच नाही. मग मी पण नको विचारू?"

यावर माझ्याकडची उरलेली दोन कडवीही संपली. तुमचा निरोप मी दिलेला नाही आणि देणारही नाही.

कामगिरीत नापास, पण मनानं पहिल्या नंबरानं पास झालेला,
तुमचा व्याही

ता. क. नव्या प्रयोगाला नवी गांडुळं हवीत, आणि ती आधीच्याच घरची हवीत, नाहीतर मागच्या मोजमापांशी ताडता येणार नाहीत. विहीणबाई, ते घर तुमचं. तुमच्या गांडूळखताच्या पेटीतून मागे ती कुंड्यांसाठी म्हणून डबाभर खत घेऊन गेली ना? तिच्याकडे एकही कुंडी नाही. मी पलंगाखालीसुद्धा पाहिलं. तुमचीच का, असं विचारलं तर म्हणाली, "आजीच्या मातीत कधी कसलं औषध पडलेलं नाही. तिची गांडुळं कुरकुरली तर कशानं कुरकुरली यात शंका उरत नाही."

ता. क. दुसरा. हे पत्र तिच्याच हातून येतंय. यात काय आहे ते तिला ठाऊक नाही. तुम्ही वाचत असाल तेव्हा ती समोर उभी असेल, रिकामा डबा पाठीमागे धरून. डबा भरून द्या. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

ता. क. शेवटचा, आणि खरा. कुठलं गांडूळ कुठल्या डब्यात जायचं हे डोळे मिटून ठरवायचं अशी त्यांची पद्धत आहे, म्हणजे पक्षपात होत नाही. परवा तिनं तुमच्या खतातल्या उरलेल्या थोड्या गांडुळांची इथे खोलीवरच तशी वाटणी करून पाहिली. वाटून झाल्यावरही तिनं बराच वेळ डोळे उघडले नाहीत. तेव्हा नुसता डबा देऊन तिला एकटी धाडू नका. तिच्याबरोबर या. कुणीतरी आपलं शेजारच्या स्टुलावर बसायला हवं, आणि मला तिथे आता बंदी आहे.