शेवटच्या खाचेतला आवाज

प्रिय आंके,

आपली तबकडी पुन्हा येतेय. हो, तीच, ‘पुन्हा वितळवलेलं’. आपल्या ‘तिसरी पाळी’ बँडच्या गाण्यांची लंडनच्या त्या माणसाने केलेली मोडतोड, म्हणजे रीमिक्स. या वेळी जाडजूड व्हिनाइलवर, तापल्या लोखंडाच्या रंगात. भांडवलशाही उलथवायला निघालेले आपले श्रोते आता दंतवैद्य झालेत आणि त्यांना ती क्रांती दिवाणखान्याच्या कपाटात उभी करायची आहे, असं कंपनी म्हणते. मी हसलो आणि सही केली. हसायचा मला तरी काय अधिकार? मी वेल्डिंग शिकवतो आणि पोरं मला पाठदुखीवर व्यायाम सुचवतात.

मागच्या महिन्यात तबकडी कोरताना बघायला गेलो. कोरणारी उटे नावाची बाई, साठीची, तोंडाने फटकळ. ‘तुमच्या गाण्यांनी माझी हिऱ्याची टोकं झिजतात,’ म्हणाली आणि मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. आंके, मी आयुष्यभर आवाज केला, पण आवाज कधी पाहिला नव्हता. कारखान्याच्या घणाचा घाव दरीसारखा वळलेला, तिचे काठ शेजारच्या खाचेला भिडतील की काय असे. आणि पुढे एक बारीक, थरथरती रेघ. ‘हा कोण?’ उटेने विचारलं. ते तुझे बाबा होते. सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात, कारखान्याच्या फाटकावर, पिंपावर उभे राहून बोलणारे. मला भिंगावरून डोळा हटवता आला नाही. माणसाचा श्वासही त्यात दिसतो.

त्या दिवशी ते मालकांना ओरडून सांगत होते, ‘ही जागा आमची आहे!’ मग श्वास घेऊन, शेजारी उभ्या, परदेशातून कामाला आलेल्या भट्टीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून, ‘आणि दुर्सुनची!’ टेपरेकॉर्डर तूच धरला होतास. रीमिक्समध्ये पहिलं वाक्य तेवढं उरलं, घणाच्या तालावर, चौसष्ट वेळा. मग त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात परक्यांना हाकलायला निघालेली, मुंडण केलेली पोरं तेच वाक्य ओरडत दुर्सुनच्या गल्लीत शिरली आणि त्याच्या स्वयंपाकघराची काच दगडाने फुटून पाळण्यात पडली. पाळणा रिकामा होता, एवढंच नशीब. तू लंडनला जे पत्र लिहिलंस त्यातल्या शिव्या मला अजून पाठ आहेत. मग तू बँड सोडलास, बर्गेनला गेलीस, आणि बाबा मला ट्राममध्ये बघून पुढच्या डब्यात चढू लागले.

मूळ टेप माझ्याकडेच होती. ती मी उटेला दिली. दुसऱ्या बाजूची शेवटची खाच स्वतःच्याच शेपटीला जोडता येते, म्हणजे सुई तिथेच फिरत राहते, कुणी उचलेपर्यंत. एक फेरा दोन सेकंदांहून कमी. तेवढ्यात काय मावणार? उटेने मोजून बघितलं. ‘आणि दुर्सुनची’ मावतं. जणू तुझ्या बाबांनी माप घेऊनच ते म्हटलं होतं.

गेल्या रविवारी नमुना-प्रत घेऊन बाबांच्या बागेत गेलो. दोघेही होते. पंच्याऐंशी वर्षांचे बाबा टोमॅटोला काठ्या बांधत होते, दुर्सुन खुर्चीत बसून त्या चुकीच्या बांधल्यात म्हणून सांगत होता. मला बघून बाबांनी पाठ फिरवली. दुर्सुनच म्हणाला, ‘चहा झालाय, बस. त्याचं मी बघतो.’ मी खोपटातून वायर ओढून रेकॉर्ड लावली. शेजारच्या बागेतली बाई कुंपणावरून बाबांना ओरडली, ‘हाइनर, पंप बिघडला का तुझा?’ मग शेवट आला. आणि दुर्सुनची. आणि दुर्सुनची. बाबा हातातली सुतळी धरून तसेच उभे राहिले. दुर्सुन बराच वेळ ऐकून म्हणाला, ‘एवढ्या वेळा माझ्या बायकोनंही मला हाक मारली नाही रे.’ मी सुई उचलायला गेलो तर बाबांनी माझं मनगट धरलं. ‘राहू दे. इतकी वर्षं मी अर्ध्या वाक्यावर थांबलोय.’

मग मी त्यांना ते सांगितलं, जे तुला कधी सांगितलं नाही. त्यांनी सुतळीची गाठ पुरी केली. ‘मला ठाऊक होतं, पोरा. लंडनच्या माणसाला आपली भाषा कुठे कळत होती? टेप कापणारं ब्लेड बरोबर माझ्या श्वासावर फिरलंय. ते आपल्यातलाच कुणी करू शकतो.’ मग हे कुणाला बोलला का नाहीत, मी विचारलं. ‘तू तिला सांगायची वाट बघत होतो.’

तर सांगतो, आंके. लंडनला टेप पाठवण्याआधी ती मी कापली होती. पुढचं वाक्य चार ठोक्यांत बसत नव्हतं, एवढ्याच कारणासाठी. तुझ्या त्या सगळ्या शिव्यांचा धनी मी होतो, आणि टेबलाच्या पलीकडे बसून मी तुला पाकिटावर तिकीट लावून दिलं. आता वेष्टनाच्या पाठीवर छापतोय, ‘हे वाक्य देटलेफने कापलं होतं.’ ते तुला एखाद्या दुकानात उभ्याने वाचावं लागू नये, म्हणून हे पत्र. सोबत नमुना-प्रत आहे. दुसरी बाजू लाव. शेवटी सुई आपणहून उठणार नाही, तुलाच उचलावी लागेल. बाबा म्हणाले, तिला सांग, घाई नाही.

अजून तुझाच म्हणवून घेणारा,
देटलेफ