ठोक्याचा बँजो

१२ फेब्रुवारी, बुधवार

बर्फ. शाळा बंद, म्हणजे आज तीनशे मुलांचं जेवण रांधायचं नाही. घरी आम्ही दोघंच. बीन्स शिजायला टाकल्या आणि रेडिओवर नेमकं माझ्या आवडीचं लागलं – ते संथ, तीन मात्रांचं, मागे स्टील गिटार हुंदके देत असते तसलं. आर्व्हिल आला आणि बटण फिरवून मोकळा झाला. 'बिअर पिऊन रडणाऱ्यांची गाणी,' म्हणे.

आमच्या या नवरोबांच्या लेखी गाणं म्हणजे ब्लूग्रास. पाच वाद्यं, एक माइक, ड्रम नको, विजेची गिटार नको. आणि मधोमध बँजो – तीन बोटांत धातूच्या नख्या घालून, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा वाजवायचा. म्हणजे तो स्वतः. बाकी सगळं नासलेलं.

मला काय आवडतं ते इथे लिहिते. इथे कुणी बटण फिरवत नाही. तीन मात्रांची रडकी वॉल्ट्झ आवडते. बिनवाद्यांची जुनी डोंगरातली गाणी आवडतात, ज्यात शेवटी कुणीतरी नदीत बुडून मरतंच. दोन भाऊ एका श्वासात गातात ते आवडतं. चकचकीत, व्हायोलिनांचा ताफा असलेली नवी गाणीही आवडतात – भांडी घासताना. गळा वर-खाली उडवत गातात ते योडल नाही आवडत. कुंपणात शेळी अडकल्यासारखं वाटतं. ब्लूग्रास? त्याच्या हातचा आवडतो. इतरांचा फार वेळ नाही. हे त्याला कधी बोललेले नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑपलच्या दुकानात नेहमीची शुक्रवारची गाण्याची बैठक. कोंबड्यांच्या दाण्याची पोती भिंतीला लावून खुर्च्या मांडलेल्या. रस्ते निसरडे होते तरी तीसेक माणसं आली. दुसऱ्याच द्रुत धुनेत आर्व्हिलचा बँजो अडखळला. एकदा नाही, तीनदा. पोझी – माझा धाकटा दीर, गिटारवर असतो – एक पाऊल पुढे आला आणि त्याने ती जागा भरून काढली.

परतताना ट्रकमध्ये आर्व्हिल म्हणाला, 'थंडीने तारा उतरल्या.'

तारा उतरतात थंडीने. बोटं नाही उतरत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज परत. द्रुत धुना त्याने घेतल्याच नाहीत. 'आज जरा निवांत वाजवू,' म्हणाला. निवांत! हा माणूस!

९ मार्च, रविवार

चर्च सुटल्यावर पोझीने मला गाड्यांपाशी गाठलं. 'वहिनी, दादाचं मधलं बोट बघितलंस?'

'काय झालंय?'

'नख्या चढवल्या की आत वळतं. चार महिने झाले. त्याला वाटतं मला कळत नाही.' मग इकडेतिकडे बघून, 'मी सांगितलं असं सांगू नकोस. बदडेल मला.' बासष्ट वर्षांचा आहे पोझी.

१० मार्च, सोमवार

घरी होते तेवढा वेळ आर्व्हिलचा हात बघत होते. काटा-चमचा नीट. दाढी नीट. बारीक स्क्रूही नीट. संध्याकाळी नख्या घालून बसला आणि मधलं बोट तळहाताकडे वळलं, चटका बसल्यासारखं. त्याने दुसऱ्या हाताने ते सरळ केलं. परत वळलं. मी दारातून मागे सरले. मग मुद्दाम पातेलं आपटलं, म्हणजे मी स्वयंपाकघरात आहे असं वाटावं.

२६ मार्च, बुधवार

शेवटी त्याला विन्स्टन शहरात मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तिशीतली बाई, पण शांत. त्याला तिच्यासमोर बँजो वाजवायला लावला. म्हणाली, 'हात ठणठणीत आहे. मेंदूत मधल्या आणि शेजारच्या बोटाच्या वाटा एकमेकींत मिसळल्यात. वर्षानुवर्षं एकच बारीक काम करणाऱ्यांपैकी काहींचं असं होतं.' इंजेक्शनं देऊन बघता येतील, पण खात्री नाही.

आर्व्हिलने विचारलं, 'म्हणजे जे सगळ्यात जास्त केलं, तेच गेलं?'

तिने गोड काही सांगितलं नाही. म्हणाली, 'हो, तेच.'

घरी यायला दोन तास. रेडिओवर माझं स्टेशन लागलेलं. रडकी गाणी, एकामागून एक. त्याने बंद केली नाहीत. मला दिवसभरात सगळ्यात भीती तेव्हा वाटली.

४ एप्रिल, शुक्रवार

गेलो नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

गेलो नाही. ऑपलचा फोन. सर्दी झाली म्हणून तिला सांगितलं. दोघांनाही.

१९ एप्रिल, शनिवार

पोझी आला होता. आर्व्हिलने त्याला अंगणातूनच सांगितलं, 'दुसरा बँजोवाला बघ.' पोझी म्हणाला, 'बघतो हं, डोंगरात पिकतात ना झाडाला.' आणि गेला.

मी ओव्हनमधली गरम मऊ बिस्किटं आणि त्यावर ग्रेव्ही आर्व्हिलच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, वाजवण्यापलीकडेही माणूस असतोच की. तर म्हणाला, 'तुला काय कळणार? तू कधी वाजवलंयस?'

मी ताट उचललं. उत्तर इथे देते.

मी वाजवलंय. आईने शिकवलं, ओसरीवर, बीन्स मोडता मोडता. तिचा बँजो तिच्या वडिलांनी केलेला, रानघुशीचं कातडं मढवलेला. आम्ही नख्या घालत नव्हतो. हाताची अर्धवट मूठ करायची, बोटाच्या नखाची पाठ तारेवर वरून हाणायची आणि अंगठ्याने वरची आखूड तार मागे ओढायची. ठोका, ठोका, टिंग. त्या ठोक्यावर माणसं नाचायची. मला सगळ्या गाण्यांत जास्त काही आवडत असेल तर ते. वर यादी लिहिली तेव्हा हेच तेवढं लिहिलं नाही.

लग्नाच्या पहिल्या वर्षी आर्व्हिलची मित्रमंडळी जमली होती, तेव्हा मी वाजवायला बसले. तो म्हणाला, 'काय गं, कोंबड्या हुसकतेयस का?' सगळे हसले. मीही हसले. तो काही दुष्टपणे बोलला नव्हता. एवढंच, की मी बँजो ठेवला तो परत काढला नाही.

३ मे, शनिवार

तो पोझीकडे कुंपण दुरुस्त करायला गेला. मी ओणवी होऊन पलंगाखालून आईचा बँजो ओढून काढला. एक खुंटी घसरत होती, तिला थोडा खडू लावला. आईची पाणचक्कीची धून घेतली. डोक्याला आठवत नव्हती, हाताला आठवत होती. तिसऱ्या फेरीला तर पायही ठोका द्यायला लागला.

मान वर केली तर जाळीच्या दारात आर्व्हिल. किती वेळचा, देव जाणे.

'कुणाचा हा?'

'आईचा.'

'अजून आहे?'

'पलंगाखाली होता.'

'आपल्या?'

'आपल्याच.'

हात धुवायला निघून गेला. नळ फार वेळ चालू होता.

६ मे, मंगळवार

रात्रीचं जेवण झाल्यावर म्हणाला, 'हात कसा धरतेस ते दाखव बघू.'

दाखवला. त्याने स्वतःचा धरला. बघत राहिला. 'यात बोट आधीच मिटलेलंय.'

'हो.'

'मग ते आत वळणार कुठे?'

मी बँजो त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने तार हाणली. एकदा, दोनदा, दहादा. बोट होतं तिथेच राहिलं.

१७ मे, शनिवार

याला शिकवण्यापेक्षा बोक्याला आंघोळ घालणं सोपं. सतत घाई. मी म्हटलं, 'जरा दमाने. हे पळवायचं नसतं.'

'पन्नास वर्षं बँजो वाजवतोय मी, गार्नेट.'

'ते दुसरं वाद्य होतं.'

चिडला. ओसरीवर जाऊन बसला. अर्ध्या तासाने परत आला, बँजो मांडीवर घेतला, म्हणाला, 'कोंबड्या तरी हुसकता येतील ना मला?'

मी त्याच्याकडे बघितलं. तो तारांकडे बघत होता. 'तेव्हा मी हसायला नको होतं,' म्हणाला.

'मला वाटलं तू विसरलास.'

'मला वाटलं तू विसरलीस.'

मग परत पहिल्यापासून. ठोका, ठोका, टिंग.

१३ जून, शुक्रवार

ऑपलकडे गेलो. मागच्या रांगेत बसलो. ऑपलने येऊन आर्व्हिलच्या गालाचा मुका घेतला आणि विचारलं, 'सर्दी बरी झाली का रे? भारीच लांबली.' तिला सगळं ठाऊक होतं.

वाजवणाऱ्यांच्या चौथऱ्यावरून पोझी म्हणाला, 'दादा, ये वर.'

'मी कच्चा आहे अजून. हिला घे.'

'वहिनीला? वहिनीने कधी वाजवलंय?'

'तू आमच्या घरी होतास त्या दिवशी,' आर्व्हिल म्हणाला. 'तूही हसला होतास.'

पोझीचे कान लाल. मी काही वर गेले नाही. पण घरी येताना ट्रकमध्ये गुणगुणत होते, आणि त्याने विचारलं, 'ही कुठली?' म्हटलं, 'रेडिओवर तू बंद करायचास त्यातली.' म्हणाला, 'चाल बरी आहे.'

११ जुलै, शुक्रवार

दोघंही वर गेलो. आर्व्हिलने एक संथ धून वाजवली. दोन चुका. लोकांनी एरवीपेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या, त्याचा त्याला राग आला. छान वाटलं तो राग बघून. पोझी बराच वेळ चष्मा पुसत होता.

मग मी पाणचक्की. पहिली फेरी एकटीच. पण दुसऱ्या फेरीला फिडलवाला मला येऊन मिळाला, मागोमाग पोझी. आणि मग मी त्यांच्यामागे नव्हते, ते माझ्यामागे होते. असं असतं होय हे! मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

ऑपलने पोती, खुर्च्या सगळं बाहेर काढून नाचायला जमिनीच्या फळ्या मोकळ्या केल्या. मी वर. आर्व्हिल म्हणाला, 'आज मी खालीच थांबतो.' दुसऱ्या धुनेच्या मध्यावर फळ्यांवरून टाचांचा आवाज आला – ठोक्याला ठोका, एकही चुकला नाही. मान वर केली. लोक बाजूला सरले होते आणि मध्ये आर्व्हिल होता.

एकेचाळीस वर्षं तो वर आणि मी खाली. त्याला नाचता येतं, हे मला आज कळलं.