एकट्यानं हवा निघत नाही

प्रिय मंजुळा,

तिकडं उसाच्या फडात माझं पत्र बघून आधी धसकाच बसेल तुला. घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. हे तुमच्याकडं ऊस वाहणाऱ्या बंकटच्या ट्रकमधून पाठवतोय. तो वाटेत फोडून वाचणार, हे धरूनच लिहितोय.

तुमची टोळी गेली आणि नांदूरघाटातली आपली गल्ली सुनी पडली. टँकरपुढं भांडायलासुद्धा कुणी नाही. घागरी निवांत भरून मिळतात, पण घरी आणून ठेवल्या तरी प्यायला मी एकटाच.

दूध संघाच्या गाडीचं स्टिअरिंग अडून बसलं होतं. पॉवर स्टिअरिंगचे पाइप चिरून तेल सगळं खाली. बीडहून नवे आणून मीच बसवले. पण नंतर आतली हवा काढावी लागते. एकानं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्यानं बॉनेटखालच्या तेलाच्या डबीकडं बघत तेल घालायचं. मागल्या खेपेला डबीपाशी तू होतीस. बुडबुडा दिसला की बॉनेटवर अशी टपली मारायचीस, जणू माझ्याच डोक्यात.

या वेळी सकाळभर मीच फिरवलं, मीच उतरून बघितलं. तोवर डबी रिकामी, हवा पुन्हा आत. शेवटी शेजारच्या भिवराबाईला हाक मारली. लेकंसुना ऊसतोडीला गेल्यापासून म्हातारी ओट्यावर एकटीच असते. डबीत डोकावून म्हणाली, "लई उकळायलंय रं हे. चहा हाय का?" पण मग एक बुडबुडा सोडला नाही तिनं. काम संपल्यावर विचारलं, "आनखी काय बघायचं हाय का?" मी बॉनेट लावलं. घरात येऊन रडलो, मंजुळा.

स्टिअरिंग आता एका बोटानं फिरतं. पण दुष्काळानं दूध आटलं आणि संघच बंद झाला. उद्या गाडी बीडला पोचवून किल्ली द्यायची. या नोकरीपायी मी मागं राहिलो आणि तू भावाबरोबर गेलीस. आता नोकरीच नाही.

तुझा भाऊ उत्तरेश्वर ऊस तोडतो, तू मोळ्या बांधतेस. दोघं मिळून मुकादमाच्या लेखी एक कोयता. तो स्वतःच्या लग्नासाठी गावी परतला की तू अर्धा कोयता उरशील. मी इथं अर्धाच आहे. मला ऊस तोडता येत नाही, हाताला फोड येतील, तू हसशील. चालेल. येऊ का, एवढंच बंकटजवळ सांग. त्यानं हे वाचलं असेलच, तर इथून निघायच्या पुढच्या फेरीला माझी जागा धरूनच ठेवेल.

तुझाच,
त्रिंबक