सायंवर्ग बंद

२ फेब्रुवारी, सोमवार

बंद करताहेत. कायद्याचे सायंवर्ग जूनपासून बंद!

ड्यूटी संपवून, दोन बस बदलून, धापा टाकत वर्गावर पोचले तर सगळे फळ्याशेजारी घोळका करून उभे. तिथे एक कागद चिकटवलेला. नव्या अनुदान धोरणानुसार फक्त पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी पैसे मिळणार, म्हणून अर्धवेळ वर्ग विद्यापीठाला परवडत नाहीत. म्हणजे दिवसा शिकतो तो पूर्णवेळ. दिवसा राबून संध्याकाळी शिकतो तो अर्धवेळ. मी सकाळपासून हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात शिशाचा एप्रन अडकवून उभी असते, आणि दिवे लागल्यापासून इथे बाकावर बसते. यातला माझा अर्धा वेळ नेमका कुठे सांडला, ते या लोकांनी मला दाखवावं.

दुसरं वर्ष संपत आलंय. तीन वर्षांचा अभ्यासक्रम. शेवटच्या पायरीवर शिडी काढून घेतली.

घरी कुणाशी बोलले नाही. ह्यांनी विचारलं, 'काय गं, चेहरा असा का?' म्हटलं, डोकं दुखतंय.

५ फेब्रुवारी

आज अर्धी रजा टाकून कुलसचिवांना भेटायला गेलो. मी, आमच्या वर्गातली पोस्टातली बाई आणि कंडक्टर. कंडक्टर युनिफॉर्मवरच आला होता, ड्यूटीतून सुटून तडक.

खूप वेळ बाहेर बसवलं. मग आत. खोली गारेगार, माणूस त्याहून गार. 'तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो. पण तुम्हाला पर्याय दिलाय ना? दिवसाच्या वर्गात बदलून घ्या.'

कंडक्टर म्हणाला, 'साहेब, दिवसा मी बसमध्ये असतो.'

'मग ऑनलाइन आहेच की. आपण एका कंपनीशी करार केलाय. घरबसल्या शिका.'

मी विचारलं, त्या ऑनलाइनवर वकिलीची सनद मिळते का?

कागदांत काहीतरी शोधल्यासारखं केलं त्यांनी. 'ज्ञान तर मिळतंच ना, मॅडम.'

तळपायाची आग मस्तकात गेली. ज्ञान! माझ्या टेबलावर कारखान्यातून चेचलेले हात येतात. सोबत मालकाचा माणूस. मी फिल्म काढते, तो ती बगलेत मारून निघून जातो, आणि ज्याचा हात आहे त्याला ठाऊकसुद्धा नसतं की ती फिल्म त्याची आहे, भरपाई मागायला तीच लागणार आहे. मी सांगायला गेले एकदा, तर मालकाचा माणूस म्हणाला, 'बाई, तुम्ही फोटो काढा.' त्या दिवशी ठरवलं होतं, शिकायचं. हात चेचलेल्या माणसाशेजारी उभं राहायला सनद लागते. नुसत्या ज्ञानाला दारावरचा शिपाईसुद्धा आत सोडत नाही.

हे सगळं मी तिथे बोलले नाही. 'बरं' म्हणून उठले. त्याचाच जास्त राग येतोय.

१० फेब्रुवारी

पोस्टातली म्हणते, तिच्या साहेबांनी ड्यूटीची वेळ बदलण्याचा अर्ज परत केला. सकाळची सूट कुणालाच नाही. कुणालाच नाही!

१६ फेब्रुवारी, सोमवार

लिहून टाकते, नाहीतर झोप लागायची नाही.

लेक त्याच विद्यापीठात दिवसा अर्थशास्त्र शिकते, एम.ए.चं पहिलं वर्ष. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून निवडून आली तेव्हा मी सगळ्या विभागाला चहा पाजला होता. आज जेवताना सहज म्हटलं, 'तुमच्या प्रतिनिधींनी तरी आमच्यासाठी आवाज उठवायला हवा.' तिचा घास हातातच राहिला.

'आई, तो विषय आमच्यासमोर आला होता. जानेवारीत.'

'मग?'

'विद्यापीठाच्या लोकांनी सांगितलं, सायंवर्ग चालू ठेवले तर दिवसाची फी वाढवावी लागेल. बंद केले तर नाही वाढणार. दोनातलं एक निवडा म्हणाले.'

'आणि तू?'

ह्यांनी पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला.

'हात वर केला मी,' म्हणाली. 'सगळ्यांनीच केला. आई, आमच्या वर्गात अशी मुलं आहेत की फी वाढली तर उद्या घरी जातील. त्यांनी मला निवडून दिलंय. तुझ्यासाठी मी त्यांना वाऱ्यावर सोडायचं होतं का?'

मी म्हटलं, 'मला निदान सांगायचंस तरी.'

'कसं सांगणार होते?'

ताटावरून उठले. माझ्या पोटची पोर! मी रोज घरी पोचते तेव्हा हीच भात गरम करून ठेवते, माझी पुस्तकं टेबलावरून उचलून नीट लावते. आणि तिनेच.

१७ फेब्रुवारी

बोललो नाही एकमेकींशी. डबा मात्र तिने भरून ठेवला होता. घेतला.

३ मार्च, मंगळवार

जूनपर्यंतही दम निघेना त्यांना. 'वीजबचत' म्हणून इमारतीला संध्याकाळीच कुलूप. आमच्या शिक्षकांचे तास मार्चपासून बंद. ते सगळे तासांवर पैसे घेणारे, म्हणजे त्यांना निरोपसुद्धा द्यावा लागत नाही. परीक्षा मात्र एप्रिलमध्ये ठरल्याप्रमाणेच! शिकवणार नाही, पण तपासणार.

आम्ही पायऱ्यांवर उभे. कुणी म्हणालं, चला घरी. तेवढ्यात कलम सर आले. काहीही विचारा, उत्तरात आधी कलम सांगणार, म्हणून हे नाव. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरतात, पण कोर्टात अजून रोज उभे राहतात. कुलपाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. 'बसा,' म्हणाले. 'पायऱ्या आहेत, वर दिवा आहे. करारभंग कुठवर आला होता?'

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसलो. शिकवलंही असं, जणू वर्गातच आहोत. शेवटी म्हणाले, 'आता उदाहरण घेऊ. एका विद्यापीठाने तीन वर्षांसाठी प्रवेश दिला, फी घेतली आणि दुसऱ्या वर्षी कुलूप लावलं. विद्यार्थ्यांनी काय करावं?'

पोस्टातली हळूच म्हणाली, 'कोर्टात जावं.'

'कोणी जावं? वकील परवडत नाही त्यांना.'

सरांनी माझ्याकडे बोट केलं. 'पक्षकाराला स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. तुम्ही हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांशी भांडता असं ऐकलंय.'

११ मार्च

याचिका लिहितोय. दुपारी डार्करूममध्ये, चहाच्या सुट्टीत, बसमध्ये उभ्याने. कंडक्टरने शेवटच्या सीटवर आमचं ऑफिसच थाटलंय. मागणी सरळ आहे: सायंवर्ग बंद करण्याचा निर्णयच रद्द करा. आमच्यासाठी आणि आमच्यानंतर येणाऱ्यांसाठी.

कंडक्टरची धाकटी बहीण यंदा प्रवेश घेणार होती. कपड्यांच्या दुकानात काम करते. रोज विचारते म्हणे, 'दादा, होणार ना?'

२५ मार्च

ह्यांनी या बाबतीत आज पहिल्यांदा तोंड उघडलं. डेपोतून गाड्या दुरुस्त करून काळेकुट्ट हात घेऊन आले, धूत धूत म्हणाले, 'पोरीशी किती दिवस अबोला धरणार?'

मी म्हटलं, तिने माझा गळा कापला.

'तिच्या हातात सुरी कोणी दिली ते बघ की.'

खरं आहे. त्या गारेगार खोलीतल्या लोकांनी मायलेकींना समोरासमोर बसवलं आणि स्वतः हात झटकून मोकळे झाले. एका घरातल्या दोन पोटांना सांगायचं, भाकरी एकच आहे, ठरवा तुम्हीच! भाकरी एकच का, हे विचारायचं राहूनच जातं.

तरी रात्री तिच्याशी बोलता आलं नाही.

९ एप्रिल, गुरुवार

उभी राहिले! कोर्टात, स्वतःच्या पायांवर.

विद्यापीठाच्या वकिलाने सांगितलं, धोरणात्मक निर्णय आहे, न्यायालयाने त्यात पडू नये, शिवाय ऑनलाइनचा पर्याय दिलेला आहे. न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे पाहिलं. 'तुमचं काय म्हणणं?'

पाठ केलेलं सगळं उडून गेलं. म्हटलं, 'मी एक्स-रे काढते. पेशंटला सरळ झोपता येत नसेल तर मी मशीन वाकवते. पेशंटला घरी जा म्हणत नाही. विद्यापीठाला दिवसाचेच विद्यार्थी हवेत, कारण त्यांचं मशीन वाकत नाही. आम्ही सरळ झोपू शकत नाही, मॅडम. आम्हाला पोटं आहेत.'

मग ऑनलाइनवर सनद मिळत नाही तो नियम वाचून दाखवला. वकिलाची मान खाली. पुढची तारीख मिळाली, आणि पायऱ्यांवरचा वर्ग आत घ्यायचा तोंडी आदेशही. बाहेर कलम सर म्हणाले, 'नियम आधी सांगायचा, मशीन नंतर.' पण डोळे हसत होते.

घरी आले. लेक दारातच. 'काय झालं?' दोन महिन्यांनी तिने विचारलं आणि मी सांगितलं. सगळं सांगितलं.

६ मे

फी वाढली. दिवसाच्या वर्गांची, पुढच्या वर्षापासून! 'अनुदानातील अपरिहार्य तुटीमुळे.' तोंडाला पानं पुसली पोरांच्या.

लेक खोलीतून बाहेर येईना. शेवटी मीच आत गेले. म्हणाली, 'वर्गातली मुलं मला विचारताहेत, तू हात कशासाठी वर केला होतास? काय सांगू त्यांना?' मी शेजारी बसले. मनात आलं होतं, बघ, मी म्हटलं नव्हतं? पण ते ओठांवर आलं नाही, बरं झालं. तिच्या केसांवरून हात फिरवला. लहानपणी ताप आला की अशीच भिंतीकडे तोंड करून पडायची.

१ जून, सोमवार

विद्यापीठाने तडजोड पुढे केली आहे. आम्हा चालू विद्यार्थ्यांचं तिसरं वर्ष संध्याकाळीच पूर्ण करून देतील. लेखी. शिक्षकही देतील. मात्र याचिका मागे घ्यायची, आणि नवे प्रवेश कायमचे बंद.

सवयीने पायऱ्यांवरच बैठक झाली. सर म्हणाले, 'लढलात तर निकालाला वर्षं लागतील. जिंकालही. पण तोवर तुमचं तिसरं वर्ष कुठे असेल, सांगता येत नाही. मी शिक्षक आहे, पक्षकार तुम्ही. मत मी देणार नाही.' आणि लांब जाऊन उभे राहिले.

पोस्टातली म्हणाली, 'आपण आपलं बघू या. थकले मी.' कुणी म्हणालं, पुढचे येणारे त्यांचं ते लढतील. कंडक्टर एकटाच बोलत राहिला, 'आपण दोघांसाठी मागितलं होतं. आपल्यासाठी आणि नंतरच्यांसाठी. आता नंतरचे कुठे गेले?'

शेवटी सर परत आले आणि तडजोडीच्या बाजूने कोण, विचारलं.

माझं वय बेचाळीस. पुन्हा दोन-चार वर्षं थांबणं मला जमणार नाही. टेबलावर येणारे हात थांबत नाहीत. हे सगळं मनातल्या मनात बोलून झालं आणि मी हात वर केला. कंडक्टरकडे पाहिलं नाही.

त्याचा एकट्याचा हात खाली राहिला.

२ जून

विभागात सगळ्यांनी अभिनंदन केलं. 'जिंकलीस की गं!' घरीही तेवढंच सांगितलं, जिंकलो. ह्यांना इतका आनंद झाला की शेजाऱ्यांना जाऊन सांगून आले.

अटी कुणी विचारल्या नाहीत.

८ जून

कंडक्टर बसमध्ये भेटला. तिकीट दिलं, सुट्टे दिले. पुढे सरकला.

१३ जून, शनिवार

लेक ओट्याशी येऊन उभी राहिली. वाढीव फी तिने आम्हाला मागायचीच नाही असं ठरवलंय. चष्म्याच्या दुकानात नोकरी पाहूनही आली, सोमवारपासून, दिवसभराची. अर्थशास्त्र सोडतेय. तुझ्यासारखाच कायदा शिकेन म्हणाली, चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा. 'आई, तुम्ही वाचवलात तो संध्याकाळचा वर्ग — त्याचे प्रवेश कधी सुरू होतात गं?'

गॅस बंद केला. बसवलं तिला समोर. सगळं सांगितलं, कोणाकोणाचा हात वर होता तेही.